शाल-नारळाच्या जागी एक खाट

आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि चाळीतल्या लोकांची गावाकडची पत्रं, एवढंच. अशा माणसाने एका लेखकाविषयी लिहायला बसावं हे धाडस आहे, आणि त्याबद्दल मी आधीच माफी मागतो. त्यांच्या पुस्तकांवर बोलण्याइतकी माझी समज नाही. त्यांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे लोक गिरगावात आणि दादरला पुष्कळ आहेत. पण ते सध्या त्यांच्याविषयी गप्प आहेत, म्हणून मी लिहितो आहे. स्वतः लेखकांना विचारलं असतं तर त्यांनी "काही गरज नाही" म्हटलं असतं, म्हणून विचारलेलं नाही. आईला मात्र विचारलं. ती म्हणाली, "लिव. पण खोटा लिवू नको."

हे लेखक परळला एका चाळीत राहतात. लहानपणी कोकणातून चुलत्याबरोबर मुंबईला आले आणि गिरगावातल्या एका छापखान्यात यंत्राची शाई पुसायला लागले. शाळा चौथीपर्यंत. पुढे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले. "दुसऱ्यांची इतकी वाक्यं हाताने जुळवली, की आपलंही एखादं जुळवून बघावंसं वाटलं," असं ते सांगतात. त्यांच्या कादंबऱ्या आमच्या चाळीच्या वाचनालयात पुठ्ठे सुटेपर्यंत फिरत असत. मासिकांत परीक्षणं लिहिणारे त्यांचं नाव घेत नाहीत. माझ्या वडिलांना वाचता येत नाही, पण त्यांच्या तीन-चार कादंबऱ्या त्यांना जवळजवळ पाठ आहेत, कारण संध्याकाळी मी त्या मोठ्याने वाचत असे.

त्यांना भाषणाला बोलावणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. शाल, नारळ, पाकीट, यांतलं ते काहीही घेत नाहीत. भाषण संपलं, सतरंज्या गुंडाळायला लागले, की ते चिटणिसाला कोपऱ्यात घेतात आणि म्हणतात, "आता माझी बिदागी." बिदागी म्हणजे एक काम. समोरचा माणूस जे करू शकेल तेच काम, आणि ते नेहमी तिसऱ्याच कुणाचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलं तर एखाद्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू काढून द्यायचा. शाळेच्या संचालकांनी बोलावलं तर एका मुलीला वर्गात जागा द्यायची. शिवणयंत्रांच्या दुकानदाराने गणेशोत्सवात बोलावलं, तेव्हा परळच्या एका विधवेच्या घरी यंत्र गेलं. गिरगावातल्या एका व्याख्यानमालेचे चिटणीस एकदा माझ्यादेखत म्हणाले, "ह्यांना बोलावणं म्हणजे एक माणूस बोलवायचा आणि दोन घरं अंगावर घ्यायची." पण दर वर्षी बोलावत असत.

माझी त्यांची ओळख झाली ती मी माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात वाङ्मय मंडळाचा चिटणीस होतो म्हणून. निवडून आलो असं म्हणणं बरोबर नाही; धावपळ करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी त्यांना आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा ते जमिनीवर बसून मुद्रितं तपासत होते. वर न बघताच म्हणाले, "कोण?"

"मी कॉलेजचा... वाङ्मय मंडळाचा सेक्रेटरी. लालबागला राहतो."

"लालबागचा सेक्रेटरी? बस, बस. वडील कुठल्या खात्यात?"

"गिरणीत साचेवाले आहेत. माग चालवतात."

"आणि तू कॉलेजात. मग घरात शहाणा कोण?"

मी गडबडलो आणि म्हणालो, "आई." ते इतके मोठ्याने हसले की आतून त्यांची बायको बाहेर डोकावली. तेव्हापासून मी त्यांचा "सेक्रेटरी" झालो, आणि चाळीतली मुलं त्यांना म्हणतात तसं मीही त्यांना काका म्हणू लागलो.

आमच्याकडच्या भाषणाची बिदागी त्यांनी प्राचार्यांकडून मागून घेतली, ती रात्रशाळेतल्या एका गिरणी कामगाराला आमच्या प्रयोगशाळेत बसू देण्याची. ती मिळाली. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर सभांना जाऊ लागलो. आज दादर, उद्या गिरगाव, परवा परळच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा. ते चालत जात, भराभरा, आणि बोलत. मी शेजारून चालत असे आणि माझं अर्धं लक्ष घरी असे.

घरी माझे वडील खोकत होते.

हे आता सांगायला हरकत नाही, पण तेव्हा आमच्या घरात या गोष्टीला एकच नाव होतं, ते म्हणजे दमा. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला होता आणि तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा क्षय आहे, घाटावरच्या आरोग्यधामात खाट मिळवा, लवकर मिळवा. आरोग्यधामाची वाट बघणाऱ्यांची रांग मोठी. ओळखीशिवाय नाव पुढे सरकत नाही. मी आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न जुळत आलं होतं. मुलाकडचे लोक शिवडीला राहणारे, आमच्याच गावच्या बाजूचे. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेणार? गिरणीत कळलं तर साचे गेले. चाळीत कळलं तर नळावर आमची घागर वेगळी. म्हणून दमा. बाबांना स्वतःलाही आम्ही दमाच सांगितला होता, आणि ते आम्हाला बरं वाटावं म्हणून तो मानत होते, असं मला आता वाटतं.

एकदा आमच्या चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. सभा आटोपल्यावर काका आमच्या खोलीत चहाला आले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पाहुण्यांना त्यांच्याच कादंबरीतला एक प्रसंग सांगायला सुरुवात केली आणि मध्येच खोकल्याची उबळ आली. बराच वेळ गेली नाही.

काकांनी विचारलं, "किती दिवस आहे हे?"

आई चटकन म्हणाली, "दमो हा तो. आमच्या घराण्यातच आसा. हवा बदलली की वाढता."

काका माझ्याकडे बघत होते. मी कपबश्या उचलल्या.

पुढच्याच आठवड्यात गिरगावातले एक नामांकित वैद्य आमचे तीन जिने चढून वर आले. दम्यावरचा त्यांचा अवलेह मुंबईभर प्रसिद्ध आहे आणि ते कुणाच्या घरी जात नाहीत. काकांचा घसा बसला होता, तरी त्यांनी वैद्यांच्या संस्थेत जाऊन भाषण केलं होतं, आणि बिदागी म्हणून वैद्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. आईने त्यांच्यासाठी पाट मांडला. त्यांनी बाबांची नाडी धरली. धरून ठेवली. मग अवलेहाची बरणी आईच्या हातात दिली, पथ्य सांगितलं, आणि मला म्हणाले, "जिन्यापर्यंत ये."

जिन्यात म्हणाले, "बाळ, हा दमा नाही. तुला माहीत आहे?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"त्यांना?" म्हणजे काकांना.

"नाही."

"मग त्यांचा घसा फुकट गेला," ते म्हणाले आणि काठी टेकत उतरले.

मला ते सहन होईना. बरणी फळीवर होती. आई रोज सकाळी त्यातला चमचा बाबांना देत होती, जणू तेच औषध होतं. कॉलेजात प्राध्यापक शिकवत आणि मला वहीत काय लिहिलं ते घरी आल्यावर वाचता येत नसे. शेवटी एका दुपारी मी उठलो आणि काकांना शोधायला निघालो. ते गिरगावात सभेला गेले होते. त्या दिवशी हरताळ होता, ट्राम बंद. लालबागवरून भायखळा, तिथून पुढे, मी चालत गेलो. नाक्यानाक्यावर पोलीस उभे होते, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी पोरं घोषणा देऊन परत आत पळत होती. सभा सुरू व्हायची होती. काका व्यासपीठामागे एका खोक्यावर बसून शेंगदाणे खात होते.

"काय रे सेक्रेटरी, आज तुझं काय काम?"

मी म्हणालो, "काका, बाबांना दमा नाही."

त्यांनी खोक्यावर सरकून मला जागा केली.

"क्षय आहे. खाट हवी आहे. आईने सांगितलं ते... बहिणीचं जमतंय म्हणून."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. "आमच्या छापखान्याच्या चाळीत राहायचो ना, तिथे सगळ्यांना दमाच होता. माझ्या चुलत्यालाही दमाच होता. दम्याचं काय, दमा असला की लोक चहाला येतात." मग म्हणाले, "आईला बोल लावू नकोस. पण दमा सांगून क्षयाची खाट कशी मिळायची?"

मी पुडीतला एक दाणा उचलला.

"घाटावरच्या आरोग्यधामाचा विश्वस्त मला माहीत आहे," ते म्हणाले. "दोनदा बोलावणं आलं होतं त्याचं. दोनदा नाही म्हटलं."

तो विश्वस्त कोण, हे तेव्हा मुंबईत सगळ्यांनाच ठाऊक होतं. कापडाचा मोठा व्यापारी, आणि मुंबई महाराष्ट्राला देऊ नये असं जाहीर सांगणारा. त्याला फोर्टात एक वाचनालय उघडायचं होतं आणि उद्घाटनाला कामगारवस्तीतला, लोकांना आवडणारा मराठी लेखक हवा होता. का हवा होता, ते माझ्यासारख्यालाही कळत होतं.

"काका, तिथे नका जाऊ," मी म्हणालो.

"मग दुसरी खाट दाखव."

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते वर जाऊन मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रावर नेहमीसारखंच बोलले. लोक टाळ्या वाजवत होते. मी खाली उभा राहून ऐकत होतो.

ते गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. विश्वस्त हसतो आहे, आणि शेजारी काका, गळ्यात हार. काका कधी हार घालून घेत नाहीत. त्या दिवशी घातला होता.

आमच्या नाक्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात पेपर मोठ्याने वाचला जातो. मी बाहेरूनच ऐकलं.

"बघ रे, आपला लेखक. केवढ्याला गेला?"

"अरे, हार बघ हार. गळ्यात मावत नाय."

"इथे पोरांनी छातीवर गोळ्या घेतल्या, आणि हा तिकडे वाचनालय उघडतोय. फितूर साला."

दाढी करून घेणारा एक जण म्हणाला, "त्याचा तो सेक्रेटरी आहे ना आपल्या चाळीत, त्याला विचारा." सगळ्यांनी वळून बघितलं. मी निघून आलो. मला काय म्हणायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं, पण ते बोललो असतो तर बहिणीचं लग्न त्याच दुकानात मोडलं असतं.

वाचनालय चालवणारा माणूस आमच्याच मजल्यावर राहतो. चळवळीत दोनदा लाठ्या खाल्लेला, प्रामाणिक. त्याने काकांची सगळी पुस्तकं सुतळीने बांधून कपाटाच्या वर ठेवून दिली. बाबांनी विचारलं, "आज वाचत नाही?" मी म्हणालो, "पुस्तक बाहेर गेलंय." ते म्हणाले, "मग मीच सांगतो," आणि पहिल्या प्रकरणापासून सांगू लागले. दोन वाक्यं, खोकला, दोन वाक्यं.

परळच्या पुढच्या सभेत काकांसाठी व्यासपीठावर खुर्ची नव्हती. ते आले आणि खाली लोकांत बसले. त्यांच्या आजूबाजूला गोल जागा मोकळी राहिली, गर्दीच्या सभेत. मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो.

"मी सांगतो लोकांना," मी म्हणालो.

"काय सांगतोस?"

"तुम्ही का गेलात ते."

"गप बस. भाषण ऐक."

"पण ते तुम्हाला..."

"ते बोलतात ते खोटं आहे का? गेलो होतो की नाही मी? हार घातला की नाही?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी तिथे तुझ्या वडिलांचं नाव देऊन आलोय. इथे ते घ्यायचं नाही. माझं नाव मळलं तर मी धुवीन, नाहीतर राहू दे तसंच."

आणि खाट मिळालेली नव्हतीच. विश्वस्ताला फोटो मिळाला होता. त्याच्या पेढीवर काका जात, तिथला कारकून बाकावर बसवून ठेवी, आणि शेवटी आतून निरोप येई, "बघू, सांगतो." बिदागी थकवणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. मीही एकदा बरोबर गेलो. ते बाकावर बसून कागदाच्या तुकड्यावर नव्या कादंबरीचं काहीतरी लिहीत होते आणि दर वेळी दार वाजलं की मान वर करत होते. येताना म्हणाले, "उद्या परत." मी म्हणालो, "काका, तुमचं लिहायचं राहतंय." म्हणाले, "हेच काय कमी आहे लिहायला?" पण हसले नाहीत.

मी ते सगळं आईला सांगितलं. न्हाव्याचं दुकान, मैदानातली मोकळी जागा, पेढीवरचा बाक. ती तांदूळ निवडत होती. खडे बाजूला काढत राहिली. मला तिचा राग आला, आणि रागावून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, खाली बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली चौकातल्या नळावर रांग होती. मी गॅलरीत दात घासत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. एक शेजारीण आईला म्हणाली, "तुझो झील अजून त्या फितुराच्या मागसून फिरता मां? सांभाळ गो. उद्या तुमच्या घराक पण हार येतीत."

बायका हसल्या. आईने घागर नळाखालून काढली आणि खाली ठेवली.

"माझ्या घोवाक दमो नाय," ती म्हणाली. "क्षय आसा. त्येच्या खाटीसाठी तो माणूस थंय गेलो. आता काय बोलूचा ता माका बोला. त्येका नको."

नळ तसाच वाहत होता. कुणी घागर लावली नाही. आई आपली घागर कमरेवर घेऊन जिना चढून वर आली, आणि खोलीत येऊन बाबांच्या समोर बसली. बाबा म्हणाले, "ऐकलंय मी." त्यानंतर त्या दोघांत काय झालं ते मला माहीत नाही, मी दार ओढून घेतलं.

पुढचे दिवस सरळ नव्हते. ज्या शेजारणीने टोमणा मारला होता तीच संध्याकाळी पेज घेऊन आली आणि दारातच ठेवून गेली. दुसऱ्या एका घराने आपल्या मुलांना आमच्या बाजूला यायला बंदी केली. शिवडीचे लोक यायचे होते ते आले नाहीत. निरोप आला की दिवाळीनंतर बघू. बहीण रडली नाही, पण दुपारभर एकच पोलकं उसवत आणि शिवत बसली. वाचनालयाच्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुझ्या बापासाठी गेला, बरं केलं. तरी जायला नको होतं. आम्ही कुणाच्या भरवशावर लाठ्या खायच्या?" पुस्तकं खाली आली नाहीत. मी त्याच्याशी भांडलो, आणि अजून भांडतो, पण तो पूर्ण चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र कशा ठेवायच्या ते मला कुठल्याही वर्गात शिकवलेलं नाही.

बाबा उतरत चालले होते. आता दार उघडं ठेवता येत होतं, एवढाच फरक. येणारा-जाणारा उघडपणे विचारी, "खाटीचं काय झालं?" आणि दर वेळी "अजून नाही" म्हणावं लागे. मी पुस्तक उघडून बसे आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठे. दूधवाला. पोस्टमन. वरच्या मजल्यावरची पोरं.

मग एका रविवारी दुपारी सगळी चाळ घरात असताना काका आले. फोटो आल्यापासून त्यांनी आमच्या चाळीत पाऊल टाकलं नव्हतं. खालच्या चौकात पत्त्यांचा डाव चालला होता, तो थांबला. वरच्या सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी "या" म्हटलं नाही. वाचनालयवाला आपल्या दारात उभा होता. त्याने वाट द्यायला पाय मागे घेतला, एवढंच. तीन जिने चढून काकांना धाप लागली होती. आई बाहेर आली. तिने पदर डोक्यावर घेतला.

"वहिनी, चहा नको," ते म्हणाले. चपला त्यांनी काढल्याच नाहीत. "मला लगेच परत जायचंय. दवाखान्याच्या कागदांवर तुमच्या मुलाची सही लागते, याला घेऊन जातो."

मग ते वाकून आत बघत, भिंतीला टेकलेल्या माझ्या वडिलांना म्हणाले, "आरोग्यधामातून निरोप आलाय. खाट रिकामी झाली. उद्या सकाळच्या गाडीने निघायचंय."